राख आमच्या वस्तीत येते. आमच्या रस्त्यात कधी येणार?

औष्णिक वीज केंद्रांतून निघणाऱ्या राखेचा शंभर टक्के वापर झालाच पाहिजे, असे फर्मान केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने काढले. जी राख वापराविना पडून राहील तिच्यासाठी त्या वीज केंद्राला टनामागे एक हजार रुपये पर्यावरण भरपाई बसेल, अशी तंबीही त्यात आहे. कागदावरचे आकडे पाहिले तर या देशात राखेचा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच आहे. २०२१-२२ या वर्षी सुमारे २७ कोटी टन राख निघाली आणि तिच्यातली जवळपास ९६ टक्के वापरली गेली, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा अहवाल सांगतो. १९९६-९७ साली हेच प्रमाण दहा टक्केसुद्धा नव्हते. पंचवीस वर्षांत एवढी मजल मारली म्हणून संबंधितांनी एकमेकांची पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही. आमची हरकत 'वापर' या शब्दाला आहे.

कारण या एका शब्दात दोन अगदी निराळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. राख चुन्याबरोबर मऊ मातीत मिसळून, दाबून, त्या मातीला दगडासारखे बळ देता येते. हा एक वापर. दुसरा वापर म्हणजे राखेचे ट्रक आणून सखल जागेत ओतायचे आणि वर वीतभर माती पसरून मोकळे व्हायचे. पहिल्या प्रकाराला बांधणी म्हणतात, दुसऱ्याला विल्हेवाट. सरकारी तक्त्यात मात्र सिमेंट, विटा, रस्ते यांच्या शेजारीच 'सखल भागाचा भराव' असा रकाना असतो आणि त्या रकान्यातले कोट्यवधी टन त्याच ९६ टक्क्यांत मोजले जातात. आता गावात आणि शहरात सखल जागा कुणाच्या वाट्याला आली आहे, हे या दैनिकाच्या वाचकांना आम्ही नव्याने सांगायला नको.

महाराष्ट्रातल्या गावाची जमीन जुन्या लोकांनी दोन शब्दांत वाटून ठेवली आहे. पेरायची ती काळी आणि राहायची ती पांढरी. गावठाण पांढरीवर वसले, कारण पांढरीची माती फुगत नाही, तिच्यावर बांधलेली भिंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते. ही अक्कल गावाला होती. पण ती अक्कल सगळ्या गावासाठी नव्हती. आमचे पूर्वज गावाची हद्द दाखवणारे, हद्दीच्या भांडणात ज्यांची साक्ष मानली जाई असे लोक. त्यांनाच गावाबाहेर, पुष्कळ ठिकाणी उताराच्या अंगाला, जिथे गावाचे पाणी येऊन थांबते तिथे ठेवले गेले. पुढे लोकसंख्या वाढली, घरे वाढली आणि वस्ती पसरली ती काळ्या मातीवर. तेव्हा वस्तीच्या रस्त्याचा प्रश्न हा नुसता निधीचा प्रश्न नाही. तो खालच्या मातीचाही प्रश्न आहे, आणि ही माती आमच्या पायाखाली निसर्गाने एकट्याने आणून ठेवलेली नाही.

काळी माती करते काय? तिच्यातली चिकणमाती पोथीच्या पानांसारखी असते, पातळ पापुद्र्यांवर पापुद्रे. पाऊस पडला की पाणी या पानांच्या मधे शिरते आणि पाने एकमेकांपासून दूर सरतात. माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आकसते आणि भेगा पडतात. एप्रिल-मे महिन्यात शेतातल्या भेगेत गुडघ्यापर्यंत पाय जातो, हे शेतमजुरी केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. अशा मातीवर चार-सहा इंच काँक्रीट टाकले तर होणार काय ते ठरलेलेच असते. रस्त्याच्या मधोमध काँक्रीटच्या झाकणामुळे ओल फारशी बदलत नाही. कडेला मात्र पावसाळ्यात पाणी मुरते, उन्हाळ्यात ते सुकते. कडा वर उठतात, खाली बसतात, पुन्हा उठतात. दोन-तीन पावसाळ्यांत कडेपासून हात-दीड हात अंतरावर रस्त्याच्या लांबीने सरळ भेग जाते. मग कडेचा तुकडा सुटतो, गटाराची भिंत आत कलते आणि वस्तीतली माणसे म्हणतात, ठेकेदाराने सिमेंट खाल्ले.

ठेकेदाराने सिमेंट खाल्लेले नसतेच असे आम्ही म्हणत नाही. पण समजा, तो बुद्धाच्या पंचशीलाप्रमाणे वागणारा निघाला, पुरते सिमेंट टाकले, तरीही तो रस्ता फुटेल. कारण दुखणे वरच्या थरात नसून खालच्या मातीत आहे. रमाई आवास योजनेतल्या घरकुलांच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा का जातात, याचे उत्तरही बहुतेक वेळा तेच असते.

अभियंते या मातीचे बळ एका आकड्यात सांगतात. त्याला सीबीआर म्हणतात. मातीचा नमुना चार दिवस पाण्यात भिजवायचा, त्याच्यात एक जाड लोखंडी दांडा दाबायचा आणि प्रमाण मानलेल्या खडीच्या मानाने ती माती किती टक्के विरोध करते ते पाहायचे. काळ्या मातीचा हा आकडा भिजल्यावर दोन-तीन टक्क्यांवर येतो. कधी त्याहूनही खाली. तिच्यात योग्य प्रमाणात चुना आणि राख मिसळून, दाबून, काही दिवस ओली ठेवली तर तोच आकडा दहाच्या वर जातो, असा अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्रयोगांचा सर्वसाधारण अनुभव आहे. फुगणेही बरेच कमी होते. ही काही कालपरवा परदेशातून आलेली जादू नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने चुना आणि राख यांनी माती घट्ट करून रस्त्याचा पाया कसा करावा, याची शिफारस १९८४ साली छापली. २०१० मध्ये सिमेंट, चुना आणि राख या तिन्हींसाठी सविस्तर मार्गदर्शिका काढली. म्हणजे चाळीस वर्षे ही विद्या पुस्तकात आहे. पुस्तकातून ती महामार्गावर गेली, औद्योगिक वसाहतीत गेली. वस्तीच्या अंदाजपत्रकात मात्र ती आम्हांला अजून दिसलेली नाही.

हिच्या मागचे शास्त्र समजून घ्यायला पदवी लागत नाही. आपल्याकडचे जुने वाडे, पूल, विहिरी, किल्ले चुना आणि सुरखीत बांधले गेले. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी. नुसत्या सुरखीत बांधण्याचा गुण नाही. पण ती चुन्याबरोबर घाणीत दळली, ओली ठेवली, की दोघांचे मिळून असे काही होते की ते पाण्यातही विरघळत नाही. विटेतली सिलिका आणि चुन्यातला कॅल्शियम एकमेकांना धरतात आणि जे तयार होते ते सिमेंटच्याच जातीचे असते. दगडी कोळशाची उडती राख ही आधुनिक काळातली सुरखी आहे. ती भट्टीत आधीच भाजली गेलेली, पिठासारखी बारीक आणि सिलिकेने भरलेली असते. चुना मातीत पडला की दोन कामे होतात. पहिले काम लगेच दिसते, एक-दोन दिवसांत चिकट गोळे भुसभुशीत होतात, पायाला चिकटणारी माती चिकटेनाशी होते. दुसरे काम सावकाश चालते, आठवडे आणि महिने. तेच खरे बांधणीचे काम आणि राख त्यातच मदत करते.

येथे एक आठवण करून देणे अगत्याचे वाटते. चुना भाजणारे लोणारी, माती-दगडाचे काम करणारे वडार आणि बेलदार, हे समाज ही विद्या हाताने जाणत होते. किती भाजायचे, किती विरवायचे, किती दिवस ओले ठेवायचे, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. व्यवस्थेने त्यांच्या विद्येला कधी विद्या म्हटले नाही. आज तीच गोष्ट प्रयोगशाळेत 'नवे तंत्रज्ञान' म्हणून सादर होते आणि त्या समाजांची मुले त्याच कामावर पाट्या वाहतात.

पण खरा घोटाळा पुढेच आहे आणि म्हणून तो बारकाईने पाहिला पाहिजे. महाराष्ट्रात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, भुसावळ, परळी, एकलहरे या केंद्रांतून निघणाऱ्या राखेत स्वतःचा चुना फार थोडा असतो. त्यामुळे ती एकटी मातीत टाकली तर बांधत नाही. चुना किंवा सिमेंट जोडीला नसेल, तर ती केवळ भर आहे, माती आहे, धूळ आहे. दुसरे असे की सगळी राख सारखी नसते. धुराड्याआधीच्या यंत्रात पकडलेली कोरडी, बारीक राख सर्वांत गुणी. ती सिमेंट कंपन्या घेऊन जातात, कारण राखमिश्रित सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते. उरते ती पाण्याबरोबर तलावात सोडलेली, जाडीभरडी, गुण बराचसा हरवलेली राख. म्हणजे गुणी राख बाजारात विकली जाते आणि निर्गुणी राख 'वापर' म्हणून सखल भागात येते. सखल भागात कोण राहते ते वर सांगितलेच आहे.

शिवाय तलावात साठलेली राख तलावातच राहते असेही नाही. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या सिंगरौली भागात सासन येथील राखेचा बंधारा फुटला आणि लहान मुलांसह सहा माणसे त्या चिखलात वाहून गेली. जुलै २०२२ मध्ये आपल्या नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील बंधारा फुटला. राखेचा लोंढा शेतात, वस्तीत आणि कोलार नदीत गेला. कोलार कन्हानला मिळते आणि कन्हानचे पाणी नागपूर पिते. शहराच्या नळाला धोका पोहोचला तेव्हा बातमी मोठी झाली. त्या आधीची कितीतरी वर्षे राख ज्यांच्या भांड्यांवर, कपड्यांवर आणि फुप्फुसांत बसत होती त्यांची बातमी एवढी मोठी कधी झाली नव्हती.

राख नुसता कचरा राहिलेली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. परळीच्या राखेवर आणि तिच्या वाहतुकीवर कुणाचा ताबा, यावरून २०२४ च्या अखेरीपासून महाराष्ट्रभर जी चर्चा झाली ती वाचकांच्या स्मरणात असेल. कागदावर जी वस्तू फुकट वाटायची आहे तिच्यासाठी माणसे दहशत कशाला माजवतील? ज्या वस्तूला सरकार 'उपपदार्थ' म्हणते तिला बाजारात भाव आहे, एवढाच याचा अर्थ. भाव असलेली वस्तू आमच्या रस्त्याला मिळत नाही आणि भाव नसलेली आमच्या उशाशी येऊन पडते.

कायदा काय सांगतो? २०१६ च्या सुधारित अधिसूचनेने पंतप्रधान ग्रामसडक योजना आणि सरकारी योजनांतील रस्ते, इमारती, बंधारे यांच्यासाठी ३०० किलोमीटरच्या आत राख पोहोचवण्याचा संपूर्ण खर्च वीज केंद्रावर टाकला. २०२१ च्या अधिसूचनेनेही ३०० किलोमीटरच्या आतील रस्त्यांच्या कामात राख वापरण्याचे बंधन ठेवले आणि ती पोहोचवण्याचा भार सर्वसाधारणपणे केंद्रावरच ठेवला. राख इतर मार्गाने खपत असेल तर पैसे घेण्याची पळवाट मात्र तिच्यात आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये राखेच्या वापराचे स्वतःचे धोरण जाहीर केले आणि असे करणारे आपण पहिले राज्य, असा डंकाही पिटला. आता नकाशा घ्या आणि वर नावे दिलेल्या सात केंद्रांभोवती ३०० किलोमीटरची वर्तुळे काढा. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राचा मोठा भाग, म्हणजे काळ्या मातीचा जवळजवळ सगळा प्रदेश या वर्तुळांत येतो. माती येथेच, राख येथेच, नियमही येथेच. मग अडले कुठे?

ते अंदाजपत्रकात अडले आहे. वस्तीच्या कामासाठी समाजकल्याण विभागाकडून येणारा निधी लोकसंख्येच्या हिशेबाने ठरतो. ती रक्कम हाती आली की सरपंचापासून शाखा अभियंत्यापर्यंत सगळ्यांना डोळ्यांना दिसणारे काम हवे असते. काँक्रीट दिसते. पेव्हिंग ब्लॉक दिसतो. समाजमंदिराची कमान तर गावाबाहेरूनही दिसते. जमिनीखालचा हातभर थर दिसत नाही, त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढता येत नाही, त्याच्यावर आमदारांच्या नावाची पाटी बसत नाही. म्हणून 'मुरूम पसरवणे व दाबणे' ही एक ओळ टाकून, त्यातलाही निम्मा मुरूम कागदावरच दाबून, वरचे काँक्रीट उरकले जाते. तीन वर्षांनी रस्ता फुटला की त्याच जागेवर पुन्हा तेच काम. आमच्या नावाने आलेला निधी एकाच जागी तीन-तीनदा पुरला जातो आणि वर ऐकवले जाते की या लोकांवर कितीही खर्च केला तरी यांच्या वस्त्या सुधारत नाहीत.

हिशेब करून पाहू. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद रस्ता घ्या आणि त्याच्या खालची पंधरा सेंटिमीटर माती घट्ट करायची असे ठरवा. ती माती ४५ घनमीटर भरते, म्हणजे वजनाने अदमासे ७२ टन. शंभराला चार या प्रमाणात चुना धरला तर तो तीन टनांच्या आत लागेल. शंभराला पंधरा या प्रमाणात राख धरली तर ती अकरा टनांच्या आसपास, म्हणजे एका हायवात मावेल एवढी. प्रमाण दर गावाला वेगळे निघेल, ते त्या मातीच्या तपासणीवरूनच ठरवायचे असते. पण कामाचा आवाका वाचकांना यावरून कळावा. जे वीज केंद्र दिवसाला हजारो टन राख बाहेर टाकते त्याने एका वस्तीच्या रस्त्यासाठी एक हायवा द्यायचा आहे.

यंत्रेही फार मोठी लागत नाहीत. मोठ्या महामार्गावर माती कातून मिसळणारे अवजड यंत्र आणतात. गावरस्त्यावर ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर चालतो आणि तो आज जवळपास प्रत्येक गावात आहे. माती उकरायची, ढेकळे बारीक करायची, चुना-राख सारखी पसरायची, पाणी मारत रोटाव्हेटर फिरवायचा, रोलरने दाबायची आणि निदान आठवडाभर ओली ठेवायची. खरे कसब ढेकळे फोडण्यात आणि पाणी बेताचे मारण्यात आहे. अंड्याएवढे ढेकूळ आत तसेच राहिले तर चुना बाहेरून लागतो आणि आत काळी माती तशीच फुगायला मोकळी राहते. घाईत केलेले काम न केल्यासारखेच. याचा आणखी एक फायदा असा, की डोंगर पोखरून मुरूम आणावा लागत नाही. जिथे मुरूम लांबून येतो तिथे ही बचत लहान नसते.

राख हा एकच मार्ग आहे असेही नाही. लोखंडाच्या झोतभट्टीतून निघणारी मळी, जिला कारखान्यात स्लॅग म्हणतात, ती पाण्याने एकदम थंड करून दळली तर राखेपेक्षाही चांगली बांधणी करते. तिला जागे करायला थोडा चुना किंवा सिमेंट पुरते. कोकणच्या खाडीकाठी, खाजणाच्या लोण्यासारख्या खाऱ्या चिखलात ती विशेष उपयोगी आहे. स्वीडन आणि जपानने असल्या चिखलात चुन्या-सिमेंटचे खांब जागच्या जागी कालवून तयार करण्याची रीत १९७० च्या दशकात बसवली. पोलादाच्या भट्टीची मळी मात्र वेगळी. तिच्यात मोकळा चुना राहिलेला असतो आणि तो पुढे फुगतो, म्हणून ती आधी महिनोन् महिने उघड्यावर मुरवावी लागते. साखर कारखान्याच्या बगॅसची राखही नीट जळलेली असेल तर चुन्याबरोबर काम देते. जो पदार्थ जवळ आहे तो घ्यावा, पण तपासून घ्यावा.

तपासणीवर आमचा एवढा भर का, तेही सांगतो. मातीत जिप्सम, म्हणजे गंधकाचे क्षार असतील, तर चुना टाकल्यावर ती घट्ट होण्याऐवजी उलट फुगू शकते. तसे रस्ते जगात फुटलेले आहेत. राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम असे जड धातू थोड्या प्रमाणात असतात. चुन्याने नीट बांधलेल्या, दाबलेल्या थरातून पाणी कमी झिरपते आणि हे धातू बरेचसे आत अडकून राहतात. पण सगळे धातू चुन्याला सारखेच वश होत नाहीत, काही तर जास्त चुन्यात उलट मोकळे होतात. म्हणून विहीर किंवा हातपंप जवळ असेल तिथे पाण्याची तपासणी आधी आणि नंतर झालीच पाहिजे, आणि भूजल जिथे वर येते त्या जागी हा थर घालू नये. सैल ओतलेल्या राखेच्या भरावात तर बांधणीच नसते. त्यामुळे ज्या कारणासाठी आम्ही रस्त्यात राख मागतो, त्याच कारणासाठी वस्तीशेजारच्या खड्ड्यात राख ओतायला आमचा विरोध आहे. यात कुणाला विसंगती दिसत असेल तर त्याने चुना आणि राख यांचा संबंध पुन्हा एकदा वाचावा.

आणि काम करणाऱ्या हातांचे काय? कळीचा चुना पाण्याला लागला की उकळतो, डोळ्यांत गेला तर दृष्टी जाते, घामेजल्या अंगाला भाजतो. कोरडी राख श्वासाबरोबर आत जाते. या कामावर चष्मा, हातमोजे, तोंडाला मुसके आणि धुवायला पाणी नसेल तर ते काम बंद पाडले पाहिजे, मग तो रस्ता आमच्याच वस्तीचा का असेना. राख बंद टाकीतून यावी किंवा ओली करून यावी, उघड्या ट्रकमधून उडत येऊ नये. मजूर आमचेच आहेत. वस्तीचा रस्ता घट्ट व्हावा म्हणून वस्तीच्याच माणसाचा डोळा जाणे आम्हांला मान्य नाही.

या प्रश्नाला चळवळीचा प्रश्न मानायचे की नाही, असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती यांच्यापुढे माती आणि राख यांचे काय एवढे, असे त्यांना वाटेल. त्यांना आम्ही एवढेच स्मरण देऊ, की डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा त्यांच्या खात्याकडे नुसते मजुरांचे कायदे नव्हते. सार्वजनिक बांधकाम, वीज आणि सिंचन हे विषयही त्यांच्याकडे होते. १९४३ मध्ये विजेच्या धोरणावर बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध उद्योगीकरणाशी आणि उद्योगीकरणाचा संबंध या देशातल्या दारिद्र्याच्या मुक्ततेशी जोडला. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. वीज कुणासाठी, हा प्रश्न बाबासाहेबांनी तेव्हा विचारला. विजेची राख कुणासाठी, हा त्याच प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग आहे. अभियांत्रिकी शिकलेली आमची हजारो मुले-मुली आज आहेत. जयंतीच्या मंडपात त्यांचा सत्कार होतो, शाल मिळते, फोटो छापून येतो. त्यांच्यातल्या दोघांनी जरी आपल्या गावच्या वस्तीतली माती पोत्यात भरून जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेली, तरी पुढच्या भांडणाला लागणारा आकडा हाती येईल.

मागायचे काय, तेही स्पष्ट असावे. वस्तीच्या कोणत्याही रस्त्याच्या अंदाजपत्रकाला मातीच्या तपासणीचा अहवाल, भिजवलेल्या सीबीआरच्या आकड्यासह, जोडलेला असल्याशिवाय तांत्रिक मंजुरी देऊ नये. आकडा कमी आला तर खालचा थर घट्ट करण्याची बाब त्यात स्वतंत्र ओळीत आली पाहिजे आणि तिचे मोजमाप वरच्या काँक्रीटच्या आधी, वस्तीतल्या लोकांच्या समक्ष व्हावे. निधी पुरत नसेल तर रस्ता पन्नास मीटर कमी करा, पण जो कराल तो पायापासून करा. वीज केंद्रांनी राखेचा वापर जाहीर करताना बांधणीत किती गेली आणि भरावात किती, हे जिल्हावार आणि गावाच्या नावासह सांगावे. शेवटची मागणी सर्वांत जास्त टोचेल. कारण ती मान्य झाली की ९६ टक्क्यांच्या आत काय दडले आहे, ते बाहेर येईल.

कागद मागायला कुणाच्या शिफारशीची गरज नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. या कायद्याचे एक कलम आमचे कार्यकर्ते फार कमी वापरतात. कागदांच्या प्रतींबरोबरच प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही कलम २ (ञ) ने नागरिकाला दिला आहे. म्हणजे रस्त्याखालच्या थराचा तुकडा मागता येतो. काम ताजे असतानाच तो मागावा, कारण वर्षे गेली की चुन्याची खूण पुसट होत जाते. शाळेच्या प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलिन नावाचे बिनरंगाचे औषध असते, ते त्या तुकड्यावर शिंपडावे. चुना पडला असेल तर माती गडद गुलाबी होते आणि किती खोलपर्यंत पडला तेही त्या रंगावरून दिसते. मोजमाप पुस्तिकेत चुना लिहिलेला आहे आणि माती काळीची काळीच राहिली, तर त्या तुकड्यासह गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलासमोर जाऊन बसावे.